सहा वर्षं आणि एकशे अठरा ठोके

"अंगठा नाही, आजी! आधी अंगठा काढा!"

नर्स एर्लिना दर गुरुवारी हे वीस वेळा तरी ओरडायची, आणि दर गुरुवारी सुंबेरवारूच्या ग्रामसभागृहात बसलेल्या म्हाताऱ्या पुन्हा अंगठाच दाबायच्या. "अंगठ्यात स्वतःचीच नाडी उडते हो! दुसऱ्याचं मनगट अंगठ्याने धरलंत तर त्याचे ठोके राहतील बाजूला आणि तुम्ही आपलेच मोजत बसाल. ही दोन बोटं. अश्शी. नुसती टेकवायची, धुणं पिळल्यासारखं दाबायचं नाही."

लेगियेमने हे पहिल्याच गुरुवारी शिकून घेतलं होतं. म्हाताऱ्यांच्या हृदय-कवायतीच्या पथकात ती पुढच्या रांगेत मधोमध उभी राहायची. पुढच्या रांगेत, मधोमध! बाजारात पालकाची जुडी घेतानाही ती हे न विचारता सांगायची. आणि का सांगू नये? पस्तीस वर्षं तिने सिगारेटच्या कारखान्यात सत्ताविसाव्या रांगेत बसून लवंगी सिगारेटी वळल्या. पस्तीस वर्षं डोळ्यांसमोर काय, तर पुढच्या बाईच्या मानेवरचा तीळ. त्या बाईचं तोंड नीट कसं आहे हे तिला तिच्या मयतीलाच कळलं. अशा बाईला म्हातारपणी पुढची रांग मिळाली तर तिने गप्प बसावं, हे म्हणणं म्हणजे अन्यायच झाला.

तीन आठवड्यांनी ब्लितारला जिल्ह्याची स्पर्धा होती. हिरवे गणवेश शिवून आले होते. लेगियेमने आपला भिंतीवर, आरशाशेजारी टांगला होता, आणि येता-जाता ती त्याच्या बाहीला हात लावायची.

आणि त्या गुरुवारी जिल्ह्याहून तो मेला कागद आला.

"ऐका सगळ्यांनी," एर्लिना म्हणाली. पोरगी सव्वीस वर्षांची, पण आवाज हवालदाराचा. "स्पर्धेत कवायत संपली की पंच नाडी मोजणार. दोनशे वीसमधून आपलं वय वजा करायचं. जे उरेल त्याचे ऐंशी टक्के, ती तुमची हद्द. ठोके त्याच्या वर गेले की गुण कापणार. म्हणून आज कवायत झाल्यावर मी प्रत्येकीची नाडी मोजणार, आणि हद्दीबाहेर जाणारीला पथकात घेता येणार नाही."

कवायत झाली. लेगियेमने हात वर केले, गुडघे उचलले, शेवटच्या गाण्याला तर कंबरही जरा जास्तच हलवली. एर्लिनाने तिचं मनगट धरलं, घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट मोजलं आणि वहीत लिहिलं. मग ओळखपत्र बघितलं. मग पुन्हा वही बघितली.

"एकशे अठरा," ती हळूच म्हणाली.

"छान आहे ना?"

"आजी, ओळखपत्रावर तुमचं वय सत्त्याहत्तर आहे. तुमची हद्द एकशे चौदा. चार ठोके जास्त होतात."

लेगियेमने वहीत वाकून बघितलं. तेवढ्यात शेजारच्या टेबलावर, जिथे लहान मुलांची तपासणी चालली होती, तिथली मदतनीस बाई मोठ्याने बोलली, "बाळ, वय तीन महिने, ठोके एकशे चौतीस."

"एकशे चौतीस!" लेगियेम किंचाळली. "अगं बयांनो, बघत काय बसलात? ते पोर आत्ताच्या आत्ता गाडीत घाला, दवाखान्यात न्या!"

बाळाची आई घाबरून रडायला लागली, आईला बघून बाळ रडायला लागलं आणि त्याचे एकशे चौतीसचे एकशे साठ झाले.

"काही झालेलं नाही!" एर्लिना धावली. "तान्ह्या बाळाचे एवढेच असतात. आजी, तुम्ही जरा शांत बसाल का? बाळाचं हृदय केवढंसं, मुठीएवढं, तेही त्याच्याच मुठीएवढं. लहान कळशीला खेपा जास्त. मूल वाढलं की ठोके उतरतात. दहा वर्षांच्या पोराचे बसल्या जागी नव्वदच्या आसपास, मोठ्या माणसाचे साठ ते शंभर. आणि पळताना हृदय किती वर जाऊ शकतं, ते वय वाढलं की कमी कमी होत जातं. प्रत्येक वयाचा आपला हिशेब वेगळा."

"म्हणजे कालच्या पोराला एकशे चौतीस माफ, आणि मी इतकी वर्षं जगले तर मला एकशे अठरा नाहीत?" लेगियेम म्हणाली. "हा कुठला न्याय?"

"हा न्याय नाही, आजी, अंदाज आहे. माणसागणिक दहाबारा ठोके इकडेतिकडे होतात, हे मलाही माहीत आहे. तुम्हाला ना धाप लागली, ना चक्कर आली. पण पंच कागदच बघणार."

"मग मधल्या जागेवर मी उभी राहीन की," मागून मुर्सिनी म्हणाली. मुर्सिनी सहासष्ट वर्षांची, आवाज मधाचा आणि नजर घारीची. "आमच्या थोरल्या यूंनी आता आराम करावा. सत्त्याहत्तर म्हणजे काय थोडंथोडकं वय झालं?"

सगळ्या 'खरंय, खरंय' म्हणाल्या. लेगियेम मुगाच्या खिरीची वाटी तशीच ठेवून बाहेर आली.

बाहेर तिचा नवरा सार्पान मोटरसायकलच्या सीटवर कडेला पाय सोडून बसला होता. तो दर गुरुवारी तिला सोडायला यायचा आणि कॉफी पीत बाहेरच थांबायचा. आत जाऊन नाडीबिडी मोजून घेणं हे बायकांचं काम, असं त्याचं मत होतं.

"झालं का, यू? बसा. सांभाळून हां," तो म्हणाला.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आमच्याकडे नवरा बायकोला 'दिक' म्हणतो, म्हणजे धाकटी, आणि बायको नवऱ्याला 'कांग', म्हणजे दादा. मग बायको कितीही कजाग असो. पण सार्पान होता चौऱ्याहत्तरचा आणि लेगियेम कागदावर सत्त्याहत्तरची. तीन वर्षांनी थोरल्या बाईला दिक कसं म्हणायचं? म्हणून लग्नापासून, बावन्न वर्षं, सार्पान आपल्या बायकोला 'यू' म्हणत आला होता. यू म्हणजे ताई. गावातली पोरं त्यावरून हसायची, पण सार्पान सरळ माणूस. थोरली ती थोरली. तो तिला अहोजाहो करायचा आणि ती त्याला अरेतुरे.

आणि खरी गंमत पुढेच आहे. लेगियेम सत्त्याहत्तरची नव्हतीच. ती एकाहत्तरची होती.

चौदा वर्षांची असताना बाप गेला. कारखान्यात वीसच्या खालच्या मुलींना घेत नव्हते. आई तिला कारकुनापुढे घेऊन गेली आणि म्हणाली, 'पोरगी विशीची आहे, जरा किडकिडीत आहे एवढंच.' कारकुनाने मान वर न करता एक जुलै अशी तारीख घातली, वर्ष सहाने मागे ढकललं आणि शिक्का मारला. दुपारी जेवायच्या सुट्टीत लेगियेम विशीची झाली. पाच वर्षांनी लग्न ठरलं तेव्हा निकाहाच्या वहीत तोच कागद बघून पंचवीस लिहिलं गेलं. बावीस वर्षांच्या सार्पानने तो आकडा दोनदा वाचला, पण मुलगी आवडली होती. तेव्हाच सांगायला हवं होतं हे खरं. पण सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. मग नोकरीचा प्रश्न संपला तोवर सार्पान रोज पहाटे उठून पाणी भरायला लागला होता, 'यूंची कंबर दुखते' म्हणून. कोंबडी शिजली की पहिली तंगडी यूंना. आणि ईदेच्या सकाळी, जेव्हा साऱ्या गावात धाकटी माणसं थोरल्यांपुढे गुडघे टेकून वर्षभराच्या चुकांची माफी मागतात, तेव्हा सार्पान गुडघे टेकायचा आणि ती त्याच्या डोक्यावर हात ठेवायची. अशा सुखात कुणाला खरं बोलायची दुर्बुद्धी सुचते?

पण आता हिशेब फिरला होता. एकाहत्तरची हद्द एकशे एकोणीस. तिचे ठोके एकशे अठरा. एका ठोक्याने ती आत होती. पुढची रांग हवी तर सहा वर्षं परत घ्यायला हवी होती, आणि सहा वर्षं परत घेतली की थोरलेपण गेलं. त्या रात्री तिला झोप लागली नाही. सकाळी सार्पानने कॉफी आणून दिली तेव्हा ती गणवेशाच्या बाहीकडे बघत बसली होती.

"यू, बरं नाही का? पाय चेपून देऊ?"

"नको रे," ती म्हणाली, आणि मनात स्वतःला चार शिव्या दिल्या.

दुपारी तिने एर्लिनाला एकटीला गाठलं आणि सगळं सांगितलं. एर्लिनाने आधी डोळे विस्फारले, मग तोंडावर हात धरून हसली.

"आजी, एक जुलैवाले अर्ध्या गावात आहेत. तुमच्या पिढीत खऱ्या तारखेचा माणूस मिळणं कठीण. नियमात सोय आहे. तुमच्या जन्माच्या वेळी हजर असलेलं कुणी साक्ष देणार असेल तर ग्रामसचिव पत्र देतील. आहे का कुणी?"

"विजीआत्या आहे. नव्वदीची आहे. पण..." लेगियेमने इकडेतिकडे बघितलं. "बाई, हे गुपचूप व्हायला हवं हं. आमच्या सार्पानच्या कानावर जाता कामा नये. त्याचं काळीज एवढंसं आहे."

"गुपचूप करू," एर्लिना म्हणाली.

विजीआत्या ठार बहिरी आहे हे त्या पोरीला माहीत नव्हतं. ती या गावात नवीन होती.

पुढच्या गुरुवारी कवायत सुरू व्हायच्या आधी, सभागृहाच्या एका कोपऱ्यात, कपाटाच्या आडोशाला सचिव वही घेऊन बसले. विजीआत्याला खुर्चीसकट उचलून आणलं. सार्पान बाहेर मोटरसायकलवर होता. सचिवांनी अदबीने, हळू आवाजात विचारलं, "आजी, ह्या लेगियेमचा जन्म कधी झाला?"

"भात? भात खाऊन आले मी!"

"जन्म, जन्म! लेगियेमचा!" सचिव जरा मोठ्याने म्हणाले.

"मेली? कधी मेली लेगियेम? चांगली होती की!" आत्याने गळा काढला.

"अहो, मी जिवंत आहे, आत्या!" लेगियेमने तिच्या कानाशी तोंड नेलं. सभागृहातल्या तीस म्हाताऱ्या आता वळून बसल्या होत्या. मुर्सिनी तर खुर्ची ओढून पुढेच आली. "आत्या, माझा जन्म! कधी झाला ते सांग!"

"हां, जन्म होय!" आत्याचा चेहरा उजळला आणि बहिऱ्या माणसाचा खणखणीत आवाज सभागृहाच्या पत्र्यावर आदळला. "केलुद फुटला त्या दिवशी! विसरेन होय मी? सकाळपासून डोंगर गुरगुरत होता. आभाळातून राख पडत होती आणि तुझी आई इकडे ओरडत होती. तू बाहेर आलीस आणि मी तुझ्यावर सूप पालथं घातलं, राख नाकात जाऊ नये म्हणून. अंगणातनं पळत गेले तुला घेऊन. अठरा वर्षांची होते मी! शुक्रवार होता, बाजार लेगीचा. म्हणून तर लेगियेम नाव ठेवलं!"

आमच्याकडे सात वारांसोबत पाच बाजारवारांचंही चक्र चालतं, आणि मुलाचं नाव पुष्कळदा त्यावरूनच पडतं. सचिवांनी मोबाईल काढला आणि पंचांग बघितलं. "केलुद फुटला तो शुक्रवार, लेगीच. बरोबर आहे. आणि ओळखपत्रावरची एक जुलै..." ते हसले. "तो रविवार, बाजार वागेचा. तसं असतं तर यांचं नाव वागियेम पडलं असतं. म्हणजे यांचं वय आज एकाहत्तर."

"किती?" आत्या ओरडली.

"एकाहत्तर!" सचिवांना आता ओरडायची सवय झाली होती. "एका-हत्तर!"

दारात काहीतरी पडल्याचा आवाज आला. सार्पान उभा होता. हातातला कॉफीचा पेला खाली पडून गोल गोल फिरत होता.

तीसही माना दाराकडे वळल्या. बाळंसुद्धा रडायची थांबली.

"एकाहत्तर," सार्पान म्हणाला. त्याने बोटं मोजली, मग पुन्हा मोजली. "मी चौऱ्याहत्तर."

"सार्पान, ऐक ना..."

"बावन्न वर्षं," तो म्हणाला. आवाज चढत गेला. "बावन्न वर्षं मी पहाटे पाणी भरलं. बावन्न वर्षं कोंबडीची मान खाल्ली मी, मान! तंगडी यूंना! आणि ईदेला..." त्याने दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यांवर ठेवले. "बावन्न वेळा! या गुडघ्यांनी! संधिवात झालाय मला, सगळ्या गावाला माहीत आहे. तुमच्यापुढे टेकून टेकून झालाय तो! तुमच्या... तुझ्या... तुझ्यापुढे!"

"अगोबाई," मुर्सिनी म्हणाली, आणि तिला इतका आनंद झाला की तिने त्या दिवशीची लेगियेमच्या वाट्याची खीरही खाऊन टाकली.

सार्पान मोटरसायकलवर बसला आणि एकटाच निघून गेला. लेगियेम चालत घरी आली. खिशात सचिवांचं पत्र होतं, शिक्क्यासकट. पण पत्राचा काही आनंद होत नव्हता.

पुढचे सहा दिवस त्या घरात 'यू' नव्हती आणि 'दिक'ही नव्हती. सार्पान तिला हाकच मारत नसे. काही सांगायचं झालं तर कोंबड्यांना सांगायचा. 'मीठ संपलंय म्हणावं.' 'कुणीतरी नळ बंद करा म्हणावं.' कोंबड्या बिचाऱ्या मान वाकडी करून ऐकायच्या. पहाटे तो उठत नव्हता. लेगियेमने स्वतः पाणी भरलं, आणि तिसऱ्या दिवशी तिची कंबर खरोखर दुखायला लागली. पाचव्या दिवशी तिने कोंबडी शिजवली आणि दोन्ही तंगड्या त्याच्या ताटात वाढल्या. त्याने ताटाकडे बघितलं, मग एक तंगडी उचलली आणि न बोलता तिच्या ताटात ठेवली. लेगियेमने हातातला घास ताटात परत ठेवला.

"या ईदेला मी टेकते गुडघे," ती म्हणाली. "बावन्न वर्षांची माफी एकदम मागते. आता तरी बोल."

"एकदम नाही," तो कोंबड्यांकडे बघून म्हणाला. "हप्त्याने."

मग गुरुवार आला, निवडीचा शेवटचा. सार्पानने तिला मोटरसायकलवर बसवून आणलं, पण वाटेत ब्र काढला नाही. मात्र या वेळी तो बाहेर न थांबता आत आला आणि मागच्या बाकावर, हाताची घडी घालून बसला.

लेगियेमने जीव ओतून कवायत केली. कंबर हलवायचा मोह तिने आवरला. गाणं संपलं तशी एर्लिनाने तिचं मनगट धरलं. सगळ्यांनी श्वास रोखले, मुर्सिनीने जरा वेगळ्या कारणाने.

"अर्धं मिनिट, अठ्ठावन्न," एर्लिना पुटपुटली. "असंच चाललं तर एकशे सोळा. हलू नका, आजी. बोलू नका."

आणि तेवढ्यात सार्पान बाकावरून उठला. कवायतीने घामाघूम झालेली बायको त्याला बघवेना. कितीही झालं तरी बावन्न वर्षांची सवय. पाण्याची बाटली घेऊन तो पुढे आला, घसा खाकरला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला,

"घे. घोटभर पाणी पी, दिक."

एर्लिना मोजत होती, तिच्या भुवया वर जायला लागल्या. मग डोळे मोठे झाले. मिनिट संपलं.

"एकशे सव्वीस," ती म्हणाली. "आजी! दुसऱ्या अर्ध्या मिनिटात अडुसष्ट! काय झालं? छातीत दुखतंय का? चक्कर येतेय?"

लेगियेम मटकन खाली बसली आणि चक्क रडायला लागली.

"दुखतबिखत नाही गं," ती बाहीने डोळे पुसत म्हणाली. "मला आयुष्यात कुणी दिक म्हटलं नाही. चौदाव्या वर्षी एका शिक्क्याने मी विशीची झाले. कारखान्यात माझ्याहून मोठ्या मुली मला यू म्हणायच्या, आणि मी थोरलीसारखं तोंड करून बसायची. मधली सहा वर्षं मला मिळालीच नाहीत. पंधरा-सोळाच्या मुली नदीवर खिदळायच्या तेव्हा मी विशीची बाई म्हणून गप्प. आणि आता हा मेला, सगळ्यांसमोर, पाण्याची बाटली घेऊन..." तिने बाटलीकडे नुसतं बोट दाखवलं.

सार्पान बाटली घेऊन तसाच उभा होता. त्याचे कान लाल झाले होते.

मुर्सिनीने घसा साफ केला. "वाईट वाटतं हो. पण एकशे सव्वीस म्हणजे एकाहत्तरच्या हद्दीतही बसत नाही."

एर्लिनाने पेन टेबलावर आपटलं. "ही मोजणी मी धरत नाही. नाडी कवायतीची मोजायची आहे, संसाराची नाही. उद्या सकाळी पुन्हा कवायत, पुन्हा मोजणी. आणि आजोबा, तुम्ही फाटकाच्या बाहेर. रस्त्याच्या पलीकडे. तोंड मिटून."

दुसऱ्या दिवशी सार्पान रस्त्यापलीकडच्या टपरीवर, पाठ करून बसला. लेगियेमचे ठोके एकशे सतरा भरले. एर्लिनाने वहीत तिच्या नावापुढे लिहिलं: 'वय एकाहत्तर. पात्र. स्पर्धेच्या वेळी पतीला लांब ठेवावे.'

ब्लितारच्या मैदानावर लेगियेम पुढच्या रांगेत मधोमध उभी राहिली. तिच्या डोळ्यांपुढे कुणाची मान नव्हती, कुणाचा तीळ नव्हता. समोर नुसतं मोकळं मैदान आणि लांब, दोरीपलीकडे, दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून धरलेला एक म्हातारा. बावीस संघांत सुंबेरवारूचा नंबर नववा आला. पण नाडीचे गुण सगळ्यांना पूर्ण मिळाले, मुर्सिनीलाही, आणि तिने ते स्वतःच चार वेळा बोलून दाखवलं.

परत येताना सगळ्याजणी भाड्याच्या टेम्पोत मागे बसल्या. सार्पान लेगियेमच्या शेजारी. अर्धा रस्ता गेला तरी त्याच्या तोंडातून शब्द नाही.

"आता बोलायला हरकत नाही," ती म्हणाली. "स्पर्धा संपली."

"नर्सबाई ओरडेल."

"ती पुढे बसलीय ड्रायव्हरपाशी."

सार्पानने जरा विचार केला. मग तिचा हात ओढून मांडीवर घेतला आणि मनगट धरलं. "बघू तरी काय असतं ते. एवढं रामायण झालं या ठोक्यांवरून, मी कधी मोजलेच नाहीत." त्याने आपला जाडजूड अंगठा तिच्या मनगटावर घट्ट दाबला आणि डोळे मिटून पुटपुटायला लागला.

लेगियेमने त्या अंगठ्याकडे बघितलं. तोंड उघडलं, आणि मिटलं.

एका मिनिटाने तो म्हणाला, "त्र्याहत्तर. एवढंच? मला वाटलं होतं तू जास्त तेज असशील, दिक."

"पुन्हा मोजा," ती म्हणाली. मग टेम्पोच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने, बावन्न वर्षांत पहिल्यांदा, ती त्याच्या कानाशी म्हणाली, "नीट मोजा हं, कांग."

सार्पान मोजायला लागला. मोजता मोजता त्याचा आवाज घाईत आला, आकडे एकमेकांवर आदळायला लागले, आणि मिनिट संपलं तसा तो विजयाने ओरडला, "एकशे चार! बघ! सरळ बसल्या जागी एकशे चार! काय गं हे? या वयात? कुणी पाहिलं तर काय म्हणेल?"

"काय करू," लेगियेम म्हणाली. "माझी नाडीच तशी आहे."

तिने हात काढून घेतला नाही, आणि अंगठ्याबद्दल ती काही बोलली नाही.